उबुंटूच्या व्हर्च्युअल मशीनवर गमावलेला सुडो अधिकार परत मिळवताना

डॉकर (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवण्याचे साधन) वापरता यावे म्हणून स्वतःचे खाते 'डॉकर' गटात घालताना खात्याचे तपशील बदलणाऱ्या 'युजरमॉड' कमांडला केवळ मोठ्या 'जी'चा पर्याय दिला आणि सोबतचा लहान 'ए' राहून गेला, तर ते खाते बाकीच्या सर्व पूरक गटांतून, म्हणजेच प्रशासकाचे अधिकार वापरू देणाऱ्या 'सुडो' गटातूनही, बाहेर पडते. उबुंटूमध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक, या खात्याचा पासवर्ड मुळातच बंद असतो. त्यामुळे सुडो गेला की मशीनच्या मालकालाही प्रणालीत काही बदलता येत नाही. या लेखातील कमांड देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून लिहाव्यात; वेगळे सांगितले नसेल तेथे अक्षरे लहानच.

आधी उघडे असलेले टर्मिनल बंद करू नये. लॉगिनच्या वेळी मिळालेली गटांची यादी त्या सत्रापुरती टिकून राहते, म्हणून सुडो तेथे अजून चालतो का, हे पाहावे. चालला तर दुरुस्ती खाली दिलेल्या युजरमॉडच्या एका ओळीत, तिच्याआधी 'सुडो' लिहून, होते. न चालल्यास मशीन बंद करून स्नॅपशॉट, म्हणजे तिच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद, घ्यावा. घाईत ही पायरी गाळली जाते आणि नेमकी तीच पुढच्या चुकीपासून वाचवते.

ग्रबचा, म्हणजे उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मशीन सुरू करताच तिच्या खिडकीत क्लिक करावे आणि मशीनचे फर्मवेअर बायॉस असल्यास शिफ्ट दाबून धरावी, यूईएफआय असल्यास एस्केप एकदाच दाबावी. एस्केप जास्त वेळा दाबली गेली, तर ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. तेथे 'नॉर्मल' असे टाइप केले की मेनू पुन्हा दिसतो. प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड आणि त्यातून 'रूट' निवडावे. रूटला पूर्वी कोणी पासवर्ड दिला असेल आणि तो ठाऊक नसेल, तर मात्र ग्रबच्या नोंदीवर 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'आरओ'च्या जागी 'आरडब्ल्यू' आणि शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' लिहावे व एफ१० दाबावे.

रिकव्हरीत डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून प्रथम 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' ही कमांड द्यावी. त्यानंतर 'युजरमॉड -एजी सुडो' आणि पुढे आपल्या खात्याचे नाव द्यावे. येथे 'ए' लहान आणि 'जी' मोठा.

गट शाबूत असूनही सुडो चालत नसेल, तर सुडो कोणाला वापरता येईल हे ठरवणारी '/इटीसी/सुडोअर्स' ही फाइल तपासावी. 'विसुडो -सी' ही कमांड चुकलेल्या ओळीचा क्रमांक सांगते. ही फाइल साध्या एडिटरने कधीही न बदलता विसुडोनेच बदलावी, कारण विसुडो जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासतो. सुडोच्या प्रोग्रॅमची मालकीच बदलली असेल, तर ती आधी रूटकडे द्यावी आणि मगच परवानगी ४७५५ करावी, कारण मालकी बदलताना सेटयूआयडी बिट, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण (४७५५ मधला ४), पुसला जातो. सरसकट ७७७ (सर्वांना सर्व मुभा) परवानगी देण्याचा मोह टाळावा. त्याने बिघाड आणखी पसरतो.

क्लाउडवर ग्रबपर्यंत पोहोचता येत नसेल, तर मशीन थांबवून तिची मूळ डिस्क सुटी करावी, दुसऱ्या चालू मशीनला अतिरिक्त डिस्क म्हणून जोडून '/एमएनटी'वर माउंट करावी आणि 'सीएचरूट'ने (जोडलेल्या डिस्कलाच मूळ प्रणाली मानून काम करू देणाऱ्या कमांडने) आत जाऊन हीच दुरुस्ती करावी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिची किल्ली लागेलच.

मशीन नेहमीप्रमाणे सुरू झाल्यावर नव्याने लॉगिन करून 'सुडो -व्ही' द्यावे, येथे 'व्ही' लहान, आणि पासवर्ड स्वीकारला गेल्यावरच स्नॅपशॉट काढून टाकावा.