लाइव्हअबोर्डची बॅग भरताना

बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं आणि दिवसातून तीन-चार स्कूबा डाइव्ह मारायच्या, अशा लाइव्हअबोर्ड सफरीला पहिल्यांदा निघालेली मंडळी बहुतेक वेळा कपड्यांपासून बॅग भरायला घेतात. माझा आग्रह असतो की आधी अशा वस्तू बाजूला काढा, ज्या नसतील तर तुम्हाला पाण्यात उतरताच येणार नाही. बोटीने किनारा सोडला की पुढचे कित्येक दिवस दुकान नाही. टूथपेस्ट कुणीही देईल, पण तुमच्या नंबरच्या काचा बसवलेला मास्क कोण देणार?

सगळ्यात आधी कागदपत्रं. डाइव्हिंग शिकल्याचं सर्टिफिकेशन कार्ड, नायट्रॉक्सचा (जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचा) कोर्स केला असेल तर त्याचं कार्ड, लॉगबुक (आधीच्या डाइव्हची नोंदवही), विम्याची कागदपत्रं. या सगळ्याचे फोटो नेट नसतानाही उघडतील असे फोनमध्ये ठेवा. मेडिकल फॉर्म मात्र निघायच्या बऱ्याच आधी मागवून नीट वाचा. दमा, हृदयाचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांसारख्या प्रश्नाला ‘हो’ लिहावं लागलं, तर डॉक्टरांची सही लागते आणि ती बोटीवर मिळणार नाही. खरं लपवून ‘नाही’ लिहिण्याचा विचारही करू नका. विमा घेताना त्यात डाइव्हिंगचे अपघात, तिथून हलवण्याचा खर्च आणि रिकम्प्रेशन चेंबरचे (डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर दाबाखाली उपचार करतात त्या खोलीचे) उपचार धरलेत का ते बघा. साध्या प्रवास विम्यात ते असतीलच असं नाही.

बीसीडी (तरंगणं कमी-जास्त करणारं फुगवायचं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण), फिन्स (पायात घालायचे पंखे) बोटीवर भाड्याने मिळत असतील तर नवशिक्याने खुशाल भाड्याने घ्यावेत, फक्त आपलं माप आधी कळवावं. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावर बांधायचं, खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) मात्र स्वतःचे असावेत असं मला मनापासून वाटतं. मास्क चेहऱ्याला नीट बसला नाही तर पाणी झिरपत राहतं आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. कॉम्प्युटरचं कारण अधिक गंभीर आहे. एकामागून एक डाइव्ह होतात तेव्हा आधीच्या डाइव्हचा नायट्रोजन शरीरात शिल्लक असतो आणि त्याचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो. मध्येच दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर हातात बांधला तर त्याला तुमच्या आधीच्या डाइव्हचा पत्ताच नसतो. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कॉम्प्युटरची बॅटरी तपासा, बदलता येण्यासारखी असेल तर जादा एक घ्या. एसएमबी (पाण्यावर उभा राहणारा, फुगवायचा रंगीत खूणफुगा), त्याच्या दोरीची रील आणि शिट्टी हवीच. प्रवाहाने लांब नेलं तर लाटांमधलं तुमचं डोकं बोटीवरून दिसत नाही, वर उभी राहिलेली एसएमबी दिसते.

स्वतःचा रेग्युलेटर नेणार असाल तर सर्व्हिसिंग करून आणल्यावर एकदा स्विमिंग पूलमध्ये वापरून बघा. तो डीआयएन आहे की योक (टाकीला जोडायच्या या दोन पद्धती), आणि बोटीवरच्या टाकीला कोणता बसतो, हेही आधी विचारून ठेवा. अडॅप्टर लहानसाच असतो, पण तो नसेल तर अख्खा रेग्युलेटर पडून राहील. अडॅप्टर ठेवाल त्याच डबीत ओ-रिंग्ज (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या), मास्क आणि फिन्सचे जादा पट्टे, एक माउथपीस आणि थोडे झिप टाय टाका.

थंडीबद्दल नवे लोक हमखास गाफील असतात. पाणी हवेपेक्षा 20 ते 25 पट वेगाने अंगातली उष्णता खेचून घेतं. त्यामुळे 28 अंशांचं पाणी पहिल्या डाइव्हला सुखाचं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या डाइव्हला त्याच पाण्यात दात वाजायला लागतात. 3 मिलिमीटर जाडीच्या वेटसूटच्या (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी सूटच्या) आत घालायला टोपी असलेलं बनियन न्या. दोन डाइव्हच्या मध्ये ओल्या अंगावर वारा लागतो, त्यासाठी जाड विंडचीटर हवा. पोहण्याचे कपडे दोन जोड घ्या, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो.

औषधांत बोट लागण्याची गोळी पहिली. ती मळमळ सुरू झाल्यावर नाही, त्याआधी घ्यायची असते. अशा बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून डॉक्टरांना डाइव्हिंगचं सांगून गोळी ठरवा आणि घरी असतानाच एकदा घेऊन बघा. सतत ओले राहून कानाच्या नळीत संसर्ग होतो, त्यासाठी कान कोरडे करणारे थेंब ठेवा. पडद्याला भोक असेल तर ते घालायचे नाहीत. सर्दीने नाक चोंदलं असेल तर नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका. खाली असताना तिचा असर संपला तर वर येताना कानात आणि सायनसमध्ये हवा अडकते.

कॅमेरा आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, आणि 100 वॉट-अवरपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. बोटीवर त्या रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. 2019 मध्ये कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागून 34 जण गेले. आगीचं नेमकं कारण ठरवता आलं नाही, पण चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांवर तेव्हा बरीच चर्चा झाली. पहिल्याच दिवशी आपल्या केबिनमधून बाहेर पडायचे दोन्ही मार्ग स्वतः चालून बघा.

कपडे अगदी थोडे पुरतात, बोटीवर बहुतेक वेळ अनवाणीच वावरायचं असतं. बॅग मऊ, घडी होणारी घ्या. कडक सुटकेस केबिनमध्ये ठेवायला जागा नसते. उन्हासाठी लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट) सनस्क्रीनपेक्षा चांगला, प्रवाळालाही त्याचा त्रास नाही.

परतीचं तिकीट काढताना, शरीरातला शिल्लक नायट्रोजन निघून जावा म्हणून, शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही हे धरून चला. त्या वेळात सामान गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. तरी वेटसूट पुरता वाळेलच असं नाही, म्हणून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी न्या आणि बॅगेच्या वजनात थोडी जागा सोडा.