लेहला जुने दागिने घ्यायला निघताय? आधी पावतीचं बघा

पुढच्या महिन्यात आम्ही चौघी लेहला चाललोय, त्यातल्या दोघींना तिथून जुनं काहीतरी घ्यायचंय, गाउ (तिबेटी, लडाखी लोक गळ्यात घालतात ती ताईत ठेवायची डबी) नाहीतर फिरोज्याची माळ, आणि रोज ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी स्वतः यात एकदा चांगलीच फसलेय. तीन वर्षांपूर्वी वाशीत एक प्रदर्शन भरलं होतं, तिथल्या एका स्टॉलवर मला एक गाउ दिसला. वर फिरोजे, मधे पोवळं, नक्षी इतकी सुंदर की हातातून खाली ठेववेना. विकणारा म्हणाला लेहच्या एका घरातला आहे, आजीचा होता, शंभर वर्षं तरी सहज. मी ३६ हजार मोजले, तेही रोख, आणि त्याने जे चिठोरं दिलं त्यावर लिहिलं होतं "बॉक्स १ नग". मी वाचलं पण नाही, पर्समधे टाकलं आणि ट्रेन पकडून ठाण्याला आले. महिनाभराने नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायला नेला, मशीनवर चांदी दाखवली, पण त्यांना वजनावरून शंका आली म्हणून कडेला जरा घासून बघितलं तर आत जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नसतेच, वरून नुसता चांदीचा मुलामा. पोवळ्यावर ओला कापूस फिरवला तर कापूस गुलाबी. स्टॉल केव्हाच उठलेला. चार दिवसांनी एकदाचा फोन लागला तेव्हा उत्तर काय, "मॅडम, चांदी आहे असं मी कुठे लिहून दिलंय?" खरंच दिलं नव्हतं.

म्हणून पहिली तयारी पावतीची, बाकी सगळं त्याच्यानंतर. नुसतं बिल नाही, वर्णन असलेली पावती. वस्तू काय आहे, धातू कुठला, वजन किती ग्रॅम, दगड अस्सल की रंगवलेले की काचेचे, साधारण कुठल्या काळातली, कुठल्या भागातली, दुकानदाराकडे कोणाकडून आली, काही दुरुस्ती झालीय का, आणि खोटी निघाली तर किती दिवसांत परत घेणार. खाली नाव, पत्ता, सही, शिक्का. मी आता हा मजकूर मराठीत आणि हिंदीत टाइप करून त्याच्या वीस झेरॉक्स काढून ठेवते, नुसत्या मोकळ्या जागा भरायच्या, कारण "बिलबुक संपलं", "मुलगा घेऊन गेला", "अहो इथे असं कोणी मागत नाही" हे सगळं ऐकून झालंय. सोबत एक पेन, एक स्टॅम्प पॅड आणि एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प, ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला तो लावावा लागतो. हसतील तर हसू देत. जो लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडून घ्यायचंच नाही, वस्तू कितीही आवडलेली असू दे.

डोळे तयार करायचं काम निघायच्या आधी करा. मुंबईत काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेपाळ आणि तिबेटच्या वस्तूंचं दालन आहे, ठाण्याहून सीएसएमटीला उतरलं की चालत जाता येतं, तिथे दोन तास उभं राहून बघा. अस्सल वस्तूची झीज कुठे असते हे एकदा डोळ्यात बसलं पाहिजे. वज्र, ज्याला तिबेटी लोक दोर्जे म्हणतात, आणि घंटा, म्हणजे द्रिलबू, या पूजेत रोज हातात धरायच्या गोष्टी, त्यामुळे बोटं लागतात तिथे त्या गुळगुळीत होतात आणि खाचांमधे मळ राहतो. नवीन माल जुना करून विकतात तेव्हा केमिकलने सगळीकडे सारखाच काळा करतात, उंचवट्यावर पण आणि खाचेत पण. गाउच्या कडीला बघा, दोरा वर्षानुवर्षं घासून कडी एका बाजूने पातळ झालेली असते, आपल्या आजीच्या पुतळ्यांची कडी कशी झिजलेली असते तशीच. आणि एक, जुन्या गाउची मागची बाजू तांब्याची किंवा पितळेची असणं यात काही खोट नाही, खूप ठिकाणी पुढून चांदी आणि मागे तांबं असंच करत. फक्त ते पावतीवर तसं लिहिलेलं हवं.

पिशवीत दहापट भिंग, छोटा डिजिटल वजनकाटा, लोहचुंबक, यूव्ही टॉर्च, कापूस, पांढरा रुमाल. चुंबकाने एवढंच कळतं की आत लोखंड नाही, चांदीला चिकटत नाही तसा पितळेला पण चिकटत नाही, तेव्हा "बघा चिकटलं नाही, म्हणजे चांदी" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. "तिबेटी चांदी" हा शब्द ऐकला की सावध व्हा, बाजारात त्या नावाने जे विकतात त्यात चांदी बहुतेक नसतेच. वजनावर भाव करत असतील तर आधी विचारा की आत लाख भरलीय का. गळ्यातली हांसडी, तोडे, पोकळ कडी, जुन्या माळांचे मणी, या सगळ्यात आत लाख भरायची पद्धत आहे आणि ती गैर नाही, पण लाखेचे पैसे चांदीच्या भावाने द्यायचे का? लाख आहे का नाही तेही पावतीवर.

नाण्यांच्या माळा मला फार आवडतात, त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या) रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मी झाली, १९४७ चा रुपया तर निकेलचा. माळेतलं सगळ्यात नवं नाणं शोधा, माळ त्याच्या आधीची असूच शकत नाही. १९४५ चा रुपया ओवलेली माळ कोणी "दीडशे वर्षं जुनी" म्हणून देत असेल तर त्याला तेच साल पावतीवर लिहायला सांगा, लगेच भाव उतरतो, मी दोनदा बघितलंय.

दगडांचं थोडक्यात, कारण हे शिकायला वर्षं जातात. फिरोजा म्हणून रंगवलेला हावलाइट विकतात, मूळचा पांढरा दगड असतो, छिद्राच्या तोंडाशी भिंगाने बघा, रंग साचलेला दिसतो. पोवळं रंगवलेलं असतं, काच असते, कधी हाड. अंबर म्हणजे झाडाची दगडासारखी झालेली जुनी राळ, त्याच्या नावाखाली प्लॅस्टिक आणि कोपल, म्हणजे तशीच पण कमी जुनी राळ. मीठ भरपूर विरघळवलेल्या पाण्यात अंबर तरंगतं, बेकलाइट हे जुनं प्लॅस्टिक बुडतं, पण कोपलही तरंगतं, तेव्हा एका टेस्टवर विसंबू नका, आणि ही टेस्ट सुट्या मण्याचीच करायची, दागिना पाण्यात बुडवायचा नाही. गरम सुई लावून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वस्तू कायमची खराब होते. झीचे मणी, ते काळे-तपकिरी डोळे काढलेले अकीकाचे, ते पहिल्या खरेदीत घेऊच नका. नकली इतके आहेत की मी आजही हात लावत नाही.

आता काय घ्यायचंच नाही ते. हस्तिदंत नाही, वाघनख नाही, मग ते कोणाच्या आजोबांचं असो आणि सोन्यात मढवलेलं असो. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. त्याच वर्षीचा पुरावशेष कायदाही माहीत हवा. १०० वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते, मूर्ती किंवा थांगका (कापडावरचं बौद्ध चित्र) असेल तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते, आणि देशाबाहेर नेता येत नाही. तुमची बहीण न्यू जर्सीहून आलीय आणि तिला भेट द्यायचीय, तरी नाही. नेपाळमधेही तसंच, १०० वर्षांवरचं बाहेर काढता येत नाही, आणि नवीनच पण जुनी दिसणारी वस्तू आणायची असेल तर तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला घ्या.

देवळातून, गोंपातून म्हणजे बौद्ध मठातून निघालेली वाटते अशी मूर्ती समोर आली तर कृपा करून घेऊ नका. नेपाळमधल्या पाटणची लक्ष्मी-नारायणाची दगडी मूर्ती १९८४ मधे चोरीला गेली होती, ती अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात सापडली आणि २०२१ मधे परत आली. तिची पूजा करणारी एक पूर्ण पिढी तिच्याशिवाय वाढली. आपल्याकडे सराफाच्या काउंटरवर मोडीत आलेले देवाचे टाक बघून मला कसंतरीच होतं, त्यांचंही तसंच होत असणार ना? लडाखचा पेराक, तो नागफण्यासारखा डोक्यावरून पाठीवर येणारा, फिरोजे शिवलेला, तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो. त्याचे फिरोजे सुटे करून विकणारे आहेत. म्हणून "कोणाकडून आली" ही ओळ पावतीवर हवीच हवी, फक्त पैशासाठी नाही. माझ्या गाउची ती आजी खरी होती की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

गाउच्या आत छापील मंत्र, धान्य, कापडाचा तुकडा असं काही असेल तर काढू नका, टाकू तर अजिबात नका. मूर्तीचा तळ तांब्याच्या पत्र्याने बंद केलेला असेल, बहुतेक त्यावर विश्ववज्र, म्हणजे एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वज्रं, कोरलेलं असतं, तर ती आत मंत्र भरून प्रतिष्ठा केलेली मूर्ती आहे, तो पत्रा उचकटायचा नाही.

पैसे यूपीआयने द्या, नोटमधे वस्तूचं नाव आणि वजन टाइप करा. जागीच वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो, पावतीचा फोटो, आणि एक फोटो वस्तू पावतीवर ठेवून. परतीच्या विमानाला फुर्बा (पूजेतला तिबेटी खंजीर), वज्र, जड घंटा चेक-इन बॅगेत टाका, फुर्ब्याला टोक असतं, केबिनमधे अडवतील. वस्तू बॅगेत असली तरी पावती मात्र हातातल्या पर्समधे, कोणी विचारलं तर तिथेच दाखवता आली पाहिजे.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत सराफाकडे, माझ्यासारखा महिना घालवू नका, परतीची मुदत निघून जाते. मशीन फक्त वरचा थर वाचतं हे लक्षात ठेवा, मुलाम्याची शंका असेल तर तसं सांगा. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सिल्व्हर डिप काही लावायचं नाही, आंबटाने पोवळं खलास होतं, फिरोजा तेल-साबण पितो आणि हिरवा पडतो. मऊ सुती कापडाने पुसलं की झालं. ठाणे काय, नवी मुंबई काय, खाडीची हवा आहे, चांदी काळी पडणारच, सिलिका जेल टाकून झिपलॉकमधे ठेवा, रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने काळा पट्टा उठतो. थांगका असेल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर नको.

पावती थर्मल कागदावर असेल तर वर्षभरात कोरी होते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा. बाकी काही राहिलं असेल तर भेटल्यावर सांगते. शनिवारी जांभळी नाक्याला जाणारेय, फॉर्मच्या वीस झेरॉक्स तुमच्यासाठी पण काढून आणते, प्रत्येकीने पाच-पाच घ्या.