हळदीच्या पेढीवर एआय: यंत्राला काय द्यायचं, हातात काय ठेवायचं

सांगलीच्या यार्डातल्या अडत दुकानात एआय आणायचं असेल तर सुरुवात कागदापासून करा, मालापासून नको. परपेठेच्या व्यापाऱ्याला हिंदी-इंग्रजीत पत्र, थकलेल्या बिलाची आठवण, लांबलचक करारातली मुख्य कलमं काढणं ही कामं चॅटजीपीटी किंवा जेमिनाय झटक्यात करतं. बेरजा मात्र थेट त्याच्याकडून घेऊ नका. पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबांचा, मेळ घालायचा तर एक्सेलचं सूत्र लिहून मागा आणि हिशोब एक्सेललाच करू द्या. शेतकऱ्याचं आधार किंवा खातेक्रमांक एआयमध्ये टाकायचा नाही.

आजचा भाव विचारायचाच नाही. उत्तर छान ठोकून देतं, पण ते शिळं असू शकतं, नाहीतर मनानं रचलेलं. बोलून टाइप करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ‘पावणेपंधरा हजार’ म्हणजे १४,७५०. यंत्रानं १५,००० लिहिलं तर क्विंटलमागे अडीचशेचा फरक पडतो. हळद क्विंटलवर, बेदाणा किलोवर विकला जातो, हेही दर वेळी लिहून द्या. पाठवण्याआधी सगळे आकडे अंकांत वाचून घ्या.

आता माल. फोटोवरून प्रत सांगणारी ॲप आली आहेत, आणि इथंच पेढी फसते. निळ्या ताडपत्रीखाली फोटो काढला की फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनानं सुधारतो; तीच हळद उन्हात वेगळी दिसते. शिवाय जास्त पिवळी म्हणजे जास्त चांगली, असा हिशोब धरला की रंग चोळलेला माल वरच्या प्रतीत जाऊन बसतो. शिसं असलेला लेड क्रोमेट हळदीला चोळल्याची प्रकरणं झालेली आहेत. पांढऱ्या रुमालावर हळकुंड चोळून बघा. रंग नको इतका उठला तर माल बाजूला काढून प्रयोगशाळेत पाठवा. शंका असेल तोवर सौदा नाही.

नमुना पोत्याच्या तोंडाशी घेऊ नका. बंबू (पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ नळी) मारून मधला आणि तळाचा माल काढा, त्यातली दहा-बारा हळकुंडं मोडा. नीट वाळलेलं हळकुंड कडक आवाज करत तुटतं. वाकलं तर ओल आहे. मोडलेल्या तोंडाशी रंग एकसारखा हवा. गाभा आणि कड वेगळी दिसली तर शिजवणीत कसर राहिली, आणि असा माल साठवणीत लवकर किडतो. बारीक भोकं, कुबट वास बघा. ओलाव्याचा आकडा मीटरवर घ्या, तिथं हाताचा हट्ट नको. पण कुठल्या पोत्याला मीटर लावायचा, हे हातच सांगतो.

मालाचं वर्णन एआयकडून लिहून घेताना त्याला फक्त तुमच्याकडचे आकडे द्या आणि ‘यापलीकडे काही लिहू नको’ असं बजावा. नाहीतर ‘सेंद्रिय’, ‘औषधी’, ‘भरपूर कर्क्युमिन’ अशी विशेषणं आपोआप चिकटतात. दाखला नसताना सेंद्रिय लिहिलं की समोरचा माल परत करतो, किंवा भावात कापतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाहेरून आलेल्या मालावर ते नाव लावायचं नाही, एआयनं लिहिलं तरी.

नव्या खरेदीदाराला उधारी द्यायची का? जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासा, तेवढं कोणीही करेल. तो पैसे वेळेवर देतो का, हे त्याच्या पेठेतल्या दोन अडत्यांना आणि ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करूनच कळतं. तसंच भाव पडल्याची बातमी. शेतकऱ्याला यंत्रानं लिहिलेला गोड मेसेज पाठवण्यापेक्षा फोन करा: “दादा, तुमच्या लॉटात ओल निघाली, म्हणून बोली कमी लागली.” कारण ऐकलं की माणूस पुढच्या खेपेला पुन्हा तुमच्याच दुकानी येतो.

सगळ्यात दुर्लक्षित काम शिकवणीचं. नवा मुलगा आधी ॲप बघायला लागला तर त्याची नजर तयारच होत नाही. सौदे सुरू व्हायच्या आधी त्याला पाच लॉट दाखवा, प्रत आणि अंदाजी भाव चिठ्ठीवर लिहायला लावा, चिठ्ठी दुमडून गल्ल्यात टाका. सौदा झाल्यावर ती उघडून मुनीमजींनी चूक दाखवायची: कुठल्या लॉटात, आणि काय बघायचं राहिलं. एक हंगाम हे चाललं की पुढच्या हंगामात बंबू त्याच्या हातात द्या, ॲप त्यानंतर.