काटकसरीच्या काळातला भांडवली खर्च कसा वाचावा

४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने विकासकामांसाठी तरतुदीच्या केवळ ३३ टक्केच निधी मिळेल आणि नवी कामे हाती घेऊ नयेत, असा आदेश काढला. अशा वर्षाचा कल पाहताना अर्थसंकल्पीय अंदाजावर विसंबू नये, कारण तो कात्री लागण्यापूर्वीचा असतो. २०२०-२१ चा प्रत्यक्ष खर्च २०२२-२३ च्या अर्थसंकल्पीय पुस्तकांत सापडतो. तोच आकडा मूळ अंदाजाशी ताडून पाहावा.

त्यानंतर लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्चाच्या प्रकाराला दिलेल्या चार अंकी क्रमांकाचा, पहिला अंक पाहावा. २ किंवा ३ असल्यास खर्च महसुली, म्हणजे रोजचा कारभार चालवण्याचा; ४ किंवा ५ असल्यास भांडवली, म्हणजे टिकाऊ मत्ता उभारण्याचा. रस्ते व पुलांचेच घ्या: ३०५४ खाली देखभाल-दुरुस्ती, तर ५०५४ खाली नवे बांधकाम. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नाही, म्हणून कात्री बहुधा ५०५४ सारख्या शीर्षांवरच पडते. अर्धवट पुलाला आंदोलन करता येत नाही. ६००३ खालची कर्जफेड भांडवली लेख्यात दिसली तरी ती बेरजेतून वगळावी, कारण तिच्यातून कोणतीही मत्ता उभी राहत नाही. शेवटी उरलेली रक्कम राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडावी. नुसत्या रुपयांत महागाई वाढ म्हणून मिरवते.