इन्स्टॉल केलेल्या पॅकेजच्या फाइल्स भलतीकडे गेल्यात का, हे कसं शोधायचं

"अरे व्हिच मारून बघ, पाथ आला म्हणजे झालं" हा सल्ला देणाऱ्यांना आधी गप्प बसवा. व्हिच ही कमांड फक्त एवढंच सांगते की आत्ता कुठली फाइल चालेल, ती तिथे कोणी ठेवली आणि तशीच अजून एक दुसरीकडे पडलीय का याबद्दल चकार शब्द नाही. फोंडा-डिचोलीकडच्या शाळांच्या लॅबमध्ये जुन्या मशीनवर डेबियन, उबंटू (दोन्ही लिनक्सच) टाकून द्यायचं काम मी करतो, आणि "सर, काल चालत होतं" अशी तक्रार आली की बऱ्याचदा गोम हीच निघते, एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती दोन ठिकाणी.

खालचं सगळं डेबियन आणि उबंटूसाठी आहे. कमांड देवनागरीत दिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायच्या.

काय कुठे असायला पाहिजे हे माहीत नसेल तर मॅन हायर हे मदतीचं पान वाचा, दहा मिनिटं लागतील. नियमांचा मूळ कागद म्हणजे एफएचएस (फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड), त्याची 3.0 आवृत्ती 2015 ची. थोडक्यात, पॅकेज मॅनेजरने आणलेलं सगळं /यूएसआर मध्ये, सेटिंग /ईटीसी मध्ये, चालताना बदलणारा डेटा /व्हार मध्ये, आणि /यूएसआर/लोकल ही तुमची स्वतःची जागा, तिथे डेबियनच्या पॅकेजने एकही फाइल ठेवायची नाही. बाहेरच्या कंपन्यांची पॅकेजेस /ऑप्ट मध्ये जातात, जसं गूगल क्रोम /ऑप्ट/गूगल/क्रोम मध्ये बसतं, ते चुकीचं नाही, उगाच घाबरून हलवू नका.

इन्स्टॉल करायच्या आधी: डेब फाइल, म्हणजे पॅकेजची फाइल, हातात असेल तर डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला -सी (लहान सी) आणि फाइलचं नाव द्या, आतली यादी दिसते. यादीत /यूएसआर/लोकल दिसलं की ते पॅकेज बनवणाऱ्याला काही कळत नाही असं समजा.

इन्स्टॉल झाल्यावर: डीपीकेजी -एल, एल मोठा, पुढे पॅकेजचं नाव. फॉन्ट्स-लोहित-देवा वर करून बघा, मराठी फॉन्ट /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स च्या खाली दिसला पाहिजे. एखादी फाइल गायब किंवा बदललेली आहे का ते डीपीकेजी -व्ही (मोठा व्ही) सांगतो, काहीच छापलं नाही तर सगळं ठीक.

बहुतेक लेख इथे संपतात. पण आत्तापर्यंत तुम्ही फक्त पॅकेजची स्वतःची यादी पॅकेजलाच विचारलीत. यादीत नसलेली फाइल डिस्कवर पडली असेल तर ती या कशातच दिसणार नाही, आणि त्रास देते ती नेमकी तीच. म्हणून उलटं जायचं, डिस्कवरची प्रत्येक फाइल घ्यायची आणि विचारायचं, तुझा मालक कोण?

एका फाइलसाठी डीपीकेजी -एस (मोठा एस) आणि पूर्ण पाथ. आणि इथेच मी पहिल्यांदा अडकलो होतो. डेबियन 12 वर /यूएसआर/बिन/एलएस चा मालक विचारा, उत्तर येईल की असा पाथ सापडत नाही. एलएस चा मालक नाही? मशीन हॅक झालं की काय? काही नाही झालेलं. /बिन आता /यूएसआर/बिन कडे जाणारी नुसती लिंक आहे, पण पॅकेजच्या नोंदीत जुनाच /बिन/एलएस लिहिलेला आहे, म्हणून जुळत नाही. सुरुवातीचं /यूएसआर काढून नुसतं /बिन/एलएस विचारा, लगेच कोरयुटिल्स या पॅकेजचं नाव येतं. हे न कळल्यामुळे चांगल्या चालत्या मशीनला फॉरमॅट मारणारे लोक मी बघितलेत, कृपा करून तसं करू नका.

आता सगळ्या फाइल्स एकदम. लूप लावून एकेका फाइलला डीपीकेजी -एस चालवायचा सल्ला सगळीकडे दिसतो, जुन्या मशीनवर ते कधी संपायचं देव जाणे आणि पावसाळ्यात त्याच्या आधी वीज जाते. त्यापेक्षा /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मधल्या सगळ्या .लिस्ट फाइल्स (एकेका पॅकेजच्या फाइल्सच्या याद्या) कॅट ने एकत्र करा, ज्या ओळी /बिन, /एसबिन, /लिब, /लिब64 ने सुरू होतात त्यांच्या पुढे सेड ने /यूएसआर चिकटवा, सॉर्ट -यू करून (क्रम लागतो, दुबार ओळी जातात) एका फाइलमध्ये ठेवा. दुसरी फाइल फाइंड ची, /यूएसआर मधल्या सगळ्या साध्या फाइल्स, /यूएसआर/लोकल वगळून, त्याही सॉर्ट केलेल्या. मग कॉम -13 (फक्त दुसऱ्या यादीत असलेल्या ओळी दाखवतो), आधी पहिली यादी मग दुसरी, जे उरेल ते बेवारस. सुरू करायच्या आधी एलसी_ऑल=सी एक्सपोर्ट करा, नाहीतर दोन्ही याद्यांचा क्रम वेगळा लागला की कॉम काहीही बरळतो.

उरलेली यादी बघून लगेच डिलीट करत सुटू नका हां! त्यात पायकॅशे फोल्डरमधल्या .पीवायसी फाइल्स असणार, आयकॉनची कॅशे असणार, लोकेल-आर्काइव्ह असणार, हे सगळं इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्ट बनवतात, ते राहू द्यायचं. डीपीकेजी-डायव्हर्ट --लिस्ट मध्ये दिसणाऱ्या (मुद्दाम दुसऱ्या नावाने हलवलेल्या) फाइल्सही निर्दोष. /ईटीसी वर हा प्रयोग मी करतच नाही, एसएसएचडी_कॉन्फिग (रिमोट लॉगिनची सेटिंग) सारखी महत्त्वाची फाइलसुद्धा तिथे बेवारस दिसते कारण तीही इन्स्टॉलच्या वेळी स्क्रिप्टने बनवलेली असते. हे सगळं हाताने करायचा कंटाळा असेल तर क्रफ्ट-एनजी नावाचं पॅकेज आहे, पण एकदा हाताने करा, नाहीतर त्याची यादी वाचता येणार नाही.

मग /यूएसआर/लोकल, नुसता फाइंड -टाइप एफ पुरे. इथे जे काही सापडेल ते कोणीतरी हाताने टाकलंय, सुडो मेक इन्स्टॉल (सोर्सवरून बनवलेलं) किंवा सुडो पिप (पायथनची पॅकेजेस) ची कृपा. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, /यूएसआर/लोकल/बिन आधी लागतं, त्यामुळे तिथली जुनी प्रत नव्या पॅकेजला झाकून टाकते, तुम्ही कितीही अपडेट मारा. टाइप -ए आणि प्रोग्रामचं नाव दिलं की सगळ्या प्रती क्रमाने दिसतात. लायब्ररीचंही तसंच, एलडीडी लावून बघा कुठली उचलली जातेय.

याच्या उलटही होतं. एका शाळेत प्रिंटर कंपनीच्या सीडीवरच्या स्क्रिप्टने फिल्टर /यूएसआर/लोकल मध्ये टाकला होता आणि कप्स (प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्राम) तो /यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर मध्ये शोधत होता, फाइल आहे पण प्रिंट निघत नाही, आणि सगळे केबल बदलत बसलेले.

सोर्सवरून काही बनवत असाल तर आधी मेक इन्स्टॉल ला डेस्टडिर म्हणून /टेम्प मधलं एखादं रिकामं फोल्डर द्या, तिथे काय काय पडतं ते बघा, मगच खरं इन्स्टॉल करा.

बेवारस फाइल नक्की नको आहे असं ठरलं तरी आरएम नाही. /रूट मध्ये (रूट युजरच्या होममध्ये) एक फोल्डर करून तिथे हलवा, लायब्ररी असेल तर एलडीकॉन्फिग चालवा, फॉन्ट असेल तर एफसी-कॅशे, आणि चालू टर्मिनलमध्ये हॅश -आर मारा कारण बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा शेल) जुना पाथ लक्षात ठेवून बसतो. लॅबचे एक-दोन तास नीट गेले की मग ते फोल्डर उडवा.