मुलाबाळांसह हरणाच्या शिकारीला: लपण, वारा आणि वीस यार्ड

ही माहिती अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणानं शिकार करण्याची आहे, आणि नियम मिशिगनचे धरले आहेत. राज्य बदललं की तारखाही बदलतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. गावी आल्यावर बांधावर काळवीट दिसला तर फक्त बघायचा.

मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम 1 ऑक्टोबरला सुरू होतो, 14 नोव्हेंबरला थांबतो आणि डिसेंबरात पुन्हा उघडतो. मधले दिवस बंदुकीचे. त्यात पोरंबाळं घेऊन जाऊ नका. ऑक्टोबरचा मध्य उत्तम, कारण थंडी बेताची असते आणि हरणं चरायला ठरलेल्या वाटेनं येतात. 1 जानेवारी 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. नाहीतर शिकाऊ परवाना काढून 21 वर्षांवरच्या परवानाधारकाबरोबर जायचं. बाकीच्यांनी नुसतं बसायचं. पोरांना झाडीतून हरणं हुसकायला पाठवणं, म्हणजे हाकारा, बहुतेक ठिकाणी शिकारीतच मोजतात.

झाडावरचं मचाण कुटुंबासाठी नकोच. एकट्या माणसालाही त्यावर पूर्ण अंगाचा पट्टा लागतो, आणि पडण्याचे अपघात बहुधा चढता-उतरतानाच होतात. जमिनीवरचं तंबूसारखं लपण घ्या: तिघांसाठी तळ किमान सहा बाय सहा फूट, छत इतकं उंच की बसून धनुष्य ओढल्यावर वरचं टोक कापडाला लागणार नाही. दोन आठवडे आधी उभारा, कडांना आजूबाजूच्याच फांद्या खोचा. आतला पालापाचोळा काढून माती उघडी करा. ही पाच मिनिटं टाळली की मुलानं पाय हलवल्याबरोबर कुरकुर होते आणि हरीण मान वर करतं. मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर मागच्या उजेडात डोकी उठून दिसतात. आत काळोख असतो म्हणून सगळ्यांनी काळे कपडे घालावेत. हरणाला लाल-नारिंगी नीट ओळखू येत नाही, पण निळा स्पष्ट दिसतो, त्यामुळे जीन्स घरी. कपडे उजळवणाऱ्या पावडरनं धुतलेलंही काही नको, तेही हरणाला निळसर चमकताना दिसतं.

वाऱ्यापुढे मात्र काही चालत नाही. वारा हरणाकडून तुमच्याकडे यायला हवा. उतारावर थंड हवा संध्याकाळी खाली वाहते, म्हणून तेव्हा वाटेच्या खालच्या अंगाला बसा. सकाळी ऊन चढल्यावर उलट. तीन माणसांचा वास एकाच्या तिप्पट, हे हिशेबात धरा. वारा उलटा फिरला तर त्या दिवशी परत फिरा.

धनुष्याच्या बाबतीत हौसेला आवर घाला. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर) 45 ते 50 पौंड असली की हरणाला पुरते. परीक्षा सोपी: स्टुलावर बसून, टोक आकाशाकडे न नेता, सावकाश ओढता आलं पाहिजे. नाही जमलं तर धनुष्याच्या दोन्ही बाहूंचे बोल्ट सारखेच सैल करून पाच पौंड उतरवा आणि नेमाच्या पिना (नेम धरायच्या धनुष्यावरच्या खुणा) पुन्हा बसवा. बाण 400 ग्रेनच्या (सुमारे 26 ग्रॅम) वरचा, पातं घडीचं, म्हणजे लागल्यावर उघडणारं नव्हे, तर स्थिर. कमी ओढीत घडीचं पातं उघडण्यातच जोर खर्च करतं, आणि खिडकीच्या जाळीतून मारलं तर जाळीतच उघडतं. सरावाच्या टोकावर बसवलेला नेम पात्याला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. त्याच पात्यानं फोमवर मारून बघा.

नवख्याची हमखास चूक खिडकीत होते. पीप साइटमधून (दोरीत बसवलेल्या नेमाच्या छोट्या भोकातून) पाहताना पिन हरणावर मोकळी दिसते, पण बाण नजरेच्या रेषेखाली काही इंच असतो. पिन मोकळी, बाण मात्र खिडकीच्या कडेच्या कापडात! बसल्या जागी धनुष्य ओढून, शेजारच्याला बाणाच्या टोकापुढे काय आहे ते बघायला सांगा. मुलाला देण्यासारखं हे खरंखुरं काम आहे.

अंतर 20 यार्ड, त्यापुढे नाही. सेकंदाला 270 फुटांनी जाणाऱ्या बाणाला 60 फूट कापायला सुमारे 0.22 सेकंद लागतात. दोरीचा आवाज 0.05 सेकंदातच पोचतो. दचकलेलं हरीण पळण्याआधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. 40 यार्डांवर त्याला दुप्पट वेळ मिळतो. हरीण पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तेव्हाच मारा, पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांशात. समोरून कधीच नाही. पोरं बघताहेत म्हणून बाण सोडायचा मोह होतो, तो ओळखा.

बैठक दोन तासांची. खाऊ आवाज आणि वास न करणारा: बेसनाचा लाडू चालेल, चकली-चिवडा नाही, प्लास्टिकची कुरकुरीत पाकिटं तर अजिबात नाहीत. स्टीलचा डबाही नको, झाकण वाजतं. कायदा सूर्यास्तानंतर अर्धा तास देत असला तरी सूर्यास्तालाच थांबा. अंधारात मुलांसह माग काढणं कठीण, आणि ऑक्टोबरच्या उबदार रात्री मांस लवकर बिघडतं.

बाण लागल्यावर जागचे हलू नका. हरीण शेवटचं कुठे दिसलं ती खूण मुलांकडून पक्की करून घ्या, मग बाण तपासा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस: अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत: चार तास. हिरवट, दुर्गंधी चिकटलेली असेल तर आतडी: आठ ते बारा तास, आणि तेव्हा मुलांना आधी घरी सोडून या. घाईनं पाठलाग केला की जखमी जनावर उठून पळतं आणि हातचं जातं. माग काढताना रक्तावर पाय न देता त्याच्या कडेनं चाला, प्रत्येक ठिपक्याशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवा. मुलांची नजर जमिनीलगत असते. पानाच्या खालच्या बाजूचे थेंब त्यांनाच आधी दिसतात.

हरीण हलवण्याआधी टॅग (परवान्याबरोबर मिळणारी चिठ्ठी) लावा. पोट लगेच उघडा, हातमोजे घालून, आणि आतड्याला सुरी लागू देऊ नका. मांस 4 अंश सेल्सियसच्या खाली न्या. मिशिगनच्या जंगली हरणांत 2015 पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग आढळतो. तुमच्या परगण्यात तो असेल तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा. मेंदू आणि पाठीचा कणा घरी नेऊ नका.

या मांसाला चरबी जवळपास नसते, म्हणून पाठीच्या पट्ट्या कुकरला लावू नका, चामट होतात. वरचा चंदेरी पापुद्रा सोलून तव्यावर दोन्ही बाजू परता. रश्श्याला फऱ्याचं मांस घ्या.