नाणेसंग्रहाचा लिलाव: विकण्याआधी काय करावे

एखाद्या संग्राहकाने आयुष्यभर जमवलेली नाणी त्याच्या पश्चात वारसांच्या हाती येतात, तेव्हा बहुतेक घरांत पहिला प्रश्न किमतीचा निघतो. तो योग्य असला तरी त्याचे उत्तर नाण्यांइतकेच त्यांच्यासोबतच्या कागदांवर अवलंबून असते. लिलावात संग्रह विखुरला जाणारच, आणि त्यात गैर काही नाही. नाणी पुन्हा जाणकारांच्या हाती जातात. मात्र कोणते नाणे कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या नाण्यांबरोबर आले याची नोंद विखुरली, तर ती पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून विक्रीची तयारी नोंदीपासून करावी.

संग्रह हाती येताच काहीही धुऊ नये. चिंच, लिंबू किंवा पितळ घासण्याची पावडर लावून तांब्याची शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचे नाणे) चकचकीत केली, की तिच्यावरचा शेकडो वर्षांचा थर जातो आणि जाणकार खरेदीदारही मागे सरतो. तसेच नाणी पाकिटांतून काढून एकत्र ओतू नयेत. पाकिटावर संग्राहकाने लिहिलेले गाव, वर्ष, विक्रेत्याचे नाव किंवा दिलेली रक्कम हा त्या नाण्याचा पूर्वेतिहास असतो. पीव्हीसी प्लास्टिकच्या जुन्या अल्बममध्ये नाण्यांवर हिरवट चिकट थर धरतो. अशी नाणी तेवढी पीव्हीसीविरहित पाकिटांत हलवावीत, पण जुना कागद प्रत्येक नाण्यासोबतच राहील याची काळजी घ्यावी.

त्यानंतर यादी करावी. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यावा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि धातू, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचे वजन, मिलिमीटरमधील व्यास व पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. जे वाचता येत नाही तिथे अंदाजाने नाव लिहू नये. संग्राहकाच्या वह्या, पावत्या, पत्रे आणि खुणा केलेले जुने कॅटलॉग रद्दीत जाऊ देऊ नयेत. अमेरिकेतील बाल्टिमोरचे लुई एलियासबर्ग यांनी 1942 मध्ये क्लॅप घराण्याचा संग्रह विकत घेतला, तेव्हा जॉन क्लॅप यांच्या नोंदवहीमुळे क्लॅप यांनी थेट टांकसाळींतून मागवलेल्या नाण्यांचा माग पुढेही राहिला. एलियासबर्ग यांची नाणी 1982, 1996 आणि 1997 मध्ये लिलावात आली, आणि आजही त्यांतले नाणे पुन्हा विक्रीस निघाले की कॅटलॉगात ही दोन्ही नावे आवर्जून छापली जातात, कारण त्या नावांमुळे बोली वाढते.

एकत्र सापडलेली नाणी यादीत एकत्रच ठेवावीत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये क्षहरात घराण्यातील राजा नहपान याची 13,000 हून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला आढळला. सातवाहनांनी क्षहरातांवर मिळवलेल्या विजयाचा हा पुरावा आपल्याला मिळाला, तो या निधीचा, म्हणजे एकत्र सापडलेल्या साठ्याचा, एकत्रित अभ्यास झाला म्हणून. तीच नाणी एकेक करून बाजारात गेली असती, तर ठसा दिसला असता, पण हे प्रमाण कधीच कळले नसते. घरच्या संग्रहात एखाद्या पाकिटावर ‘एकाच हंड्यातील’ असे लिहिलेले दिसले, तर त्या गटाचे स्वतंत्र छायाचित्र काढावे आणि विक्रीपूर्वी तो अभ्यासकाला दाखवावा. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही नाण्यांचा संग्रह आहे. अशा ठिकाणी विचारणा करण्यात संकोच बाळगू नये.

कायद्याची बाजू लिलावगृह निवडण्याआधीच तपासावी. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 नुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते. अशी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत; त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. एक वारस पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असेल, तर ‘तिकडे चांगला भाव येईल’ म्हणून जुनी नाणी सामानात घालून नेण्याचा विचार मुळातच सोडून द्यावा. पुरावशेष विकण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो, म्हणून लिलावगृहाकडे तो आहे का, हे पाहावे. जमिनीत सापडलेल्या निधीला 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो आणि दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक असते. मालकीचा प्रश्न विक्रीच्या टेबलावरही उभा राहू शकतो. इजिप्तचे पदच्युत राजे फारुक यांच्या संग्रहाचा लिलाव 1954 मध्ये कैरोत झाला, तेव्हा 1933 सालचे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे अमेरिकन सरकारच्या विनंतीवरून वगळण्यात आले. करासाठी जुन्या पावत्या लागतात, कारण वारशाने आलेल्या मालमत्तेच्या भांडवली नफ्याचा हिशेब सर्वसाधारणपणे आधीच्या मालकाने दिलेल्या किमतीपासून होतो. हा हिशेब सनदी लेखापालाकडून आधीच करून घ्यावा.

लिलावगृहाशी करार करताना विक्रेत्याकडून घेतली जाणारी दलाली, खरेदीदाराकडून बोलीवर वसूल होणारा जादा आकार (बायर्स प्रीमियम), राखीव किंमत (जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती), ताब्यातील नाण्यांचा विमा, न विकलेल्या लॉटचा (एका बोलीसाठी मांडलेल्या नाण्याचा किंवा गटाचा) खर्च आणि रक्कम मिळण्याची तारीख लेखी घ्यावी. केवळ दलाली कमी म्हणून लिलावगृह निवडणे मला पटत नाही. त्यांचे जुने कॅटलॉग मागवून वर्णने वाचावीत. मराठा, मुघल किंवा संस्थानी नाण्यांचे वाचन ज्यांच्या कॅटलॉगात नेमके असते, पूर्वीच्या मालकांची नावे दिलेली असतात आणि शंकास्पद नाण्याला शंकास्पद म्हटलेले असते, त्यांनाच संग्रह सोपवावा. मोठ्या संग्रहात बनावट नाणी निघतातच; ती वेगळी काढली म्हणजे उरलेल्यांवरचा विश्वास वाढतो.

लॉट पाडणे हे सर्वांत कौशल्याचे काम आहे. कैरोच्या त्या लिलावात अनेक दुर्मीळ नाणी मोठ्या गटांत बांधून विकली गेली. तिथे खरेदी करणारे अमेरिकेचे जॉन जे पिटमन यांचा संग्रह 1997 ते 1999 दरम्यान विकला गेला, तेव्हा त्यांची पारख दिसून आली; गटांत दडलेल्या नाण्यांचा लाभ विक्रेत्याऐवजी पारखी खरेदीदाराला मिळाला. म्हणून दुर्मीळ नाणे एकटे ठेवावे आणि सामान्य नाण्यांचे विषयवार गट करावेत. शिवराईंवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असली, तरी लेखनाचे व मांडणीचे अनेक प्रकार आढळतात; त्यांचे वर्गीकरण न करता किलोच्या हिशेबाने लॉट पाडणे म्हणजे संग्राहकाच्या कष्टांवर पाणी फिरवणे होय.

सगळे एकदम विकू नये. एखाद्या नाणेमालिकेचे गंभीर खरेदीदार थोडेच असतात आणि एका दिवशी त्यांचे पैसे संपले, की उरलेल्या नाण्यांना बोलीच लागत नाही. डेन्मार्कचे लोण्याचे व्यापारी लार्स एमिल ब्रून 1923 मध्ये वारले, तेव्हा राष्ट्रीय संग्रह नष्ट झाला तर आपला संग्रह त्याची जागा घेईल, म्हणून तो शंभर वर्षे विकू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. सुमारे 20,000 नगांच्या या संग्रहाची विक्री सप्टेंबर 2024 मध्ये कोपनहेगनला सुरू झाली आणि पहिल्या सत्रात तीनशेहूनही कमी लॉट ठेवले गेले, तरी सुमारे 1 कोटी 48 लाख युरो मिळाले. त्याआधी डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाला पहिली निवड मिळाली होती आणि त्याने सात नाणी घेतली. आपल्याकडेही एखादे नाणे इतिहासाच्या दृष्टीने एकमेव वाटत असेल, तर ते लिलावाआधी संग्रहालयाला दाखवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

लिलाव झाल्यावर न विकलेले लॉट लगेच कमी राखीव किमतीने पुन्हा मांडू नयेत. काही काळ थांबावे आणि वर्णन किंवा गट बदलून पाहावे. मिळालेल्या किमती कॅटलॉगात लिहून घ्याव्यात आणि त्याची एक प्रत, मूळ यादी, छायाचित्रे व संग्राहकाच्या वह्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात पोचपावती घेऊन जमा कराव्यात. खरेदीदारांची नावे मात्र त्यांत नसावीत. ती लिलावगृहाकडे गोपनीय असतात.